जुनी पॉकेटबुकं जमवताय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातल्या रद्दीच्या दुकानात एकाच ढिगातून तीन भाषांची पुस्तकं निघतात. मराठी रहस्यकथा, कन्नड कादंबऱ्या आणि इंग्रजी पेपरबॅक. कव्हरासाठी पुस्तकं जमवणाऱ्याला यापेक्षा चांगला मुलूख कुठला? तरीही पैसे वाया जातात, कारण पुस्तक उचलताना आपण पानं पूर्ण आहेत का तेवढंच चाळून बघतो. कव्हर नीट बघणं होतं ते घरी आल्यावर. जमवायचं कव्हर असेल तर तपासणीही तिथूनच सुरू करावी.

कापलेलं कव्हर न ओळखणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं नवी पॉकेटबुकं आधी बाइंडरकडे धाडत. बाइंडर पिना काढून कण्यालगत दोऱ्याची आडवी शिलाई मारी, वर पुठ्ठा चढवी आणि उरलेल्या तिन्ही बाजू कटिंग मशीनखाली घाली. मूळ कव्हर पुठ्ठ्यावर डकवलं जाई, नाहीतर आतलं पहिलं पान होऊन बसे. कटिंगमध्ये प्रत्येक बाजूचे तीन-चार मिलिमीटर सहज जातात आणि चित्रकाराची सही बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यातच असते. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची अर्धी कापलेली सही असलेलं कव्हर दिसायला कितीही देखणं असो, पुढे विकताना त्याला निम्मी किंमतही येत नाही.

म्हणून खिशात टेप ठेवा. पॉकेटबुकाचा नेहमीचा आकार साधारण ११ बाय १८ सेंटिमीटर, त्याहून थोड्या मोठ्या ‘क्राउन’ आकाराचा १२.५ बाय १८.५च्या आसपास. मराठी प्रकाशकांचे आकार थोडेफार इकडेतिकडे असत, त्यामुळे नुसत्या मापावर विसंबू नका. कव्हरावरचं नाव कडेला चिकटलंय का, आतल्या पानांचा वरचा समास खालच्यापेक्षा फारच कमी आहे का आणि कण्याजवळ शिलाईची भोकं आहेत का, हेही बघा. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर प्रत कापलेली आहे असं धरून चाला.

उलट प्रकारही होतो. कव्हर गेलेल्या जुन्या पुस्तकाला रंगीत प्रिंट काढून नवं कव्हर लावलेलं असतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं की हे लगेच कळतं. ब्लॉकवर छापलेल्या चित्रातले ठिपके ओळीने, ठरावीक अंतरावर असतात. इंकजेटचे ठिपके विस्कटलेले असतात, तर लेझर प्रिंटची शाई वर चढून चकाकते. पिनाही बोलतात. जुन्या पिनेचा गंज कागदात उतरतो. कव्हराच्या आत गंजाचा डाग एकीकडे आणि पीन दुसरीकडे असेल, किंवा पीन लखलखीत आणि पानं तपकिरी असतील, तर कव्हर नंतर जोडलंय.

सालावर आंधळा विश्वास

‘पहिली आवृत्ती’ छापलंय म्हणून प्रत पहिलीच असते असं नाही. त्याच मजकुरावर नवं कव्हर चढवून पुस्तक पुन्हा बाजारात आणणं ही जुनी रीत आहे. अशा वेळी आतलं साल जुनं आणि कव्हर दहा वर्षांनी नवं, अशी गंमत होते. कव्हराचं वय ठरवायला किंमत आणि पत्ता जास्त कामी येतात.

किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, फार तर त्यानंतरच्या एखाद-दोन वर्षांतलं. त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ असेल तर काळ १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून ‘नवे’ गळून नुसतेच ‘पैसे’ राहिले. एक खबरदारी घ्या. शिल्लक प्रतींवर रबरी शिक्क्याने नवी किंमत मारली जायची, त्यामुळे शिक्क्याखालची छापील किंमतच धरा.

प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘पुणे २’ किंवा ‘मुंबई ४’ असेल तर तो जुन्या टपाल विभागाचा आकडा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तेच पत्ते ‘पुणे ४११ ००२’, ‘मुंबई ४०० ००४’ झाले. मलपृष्ठावर सहा आकडी पिनकोड दिसला तर कव्हर त्यानंतरचं हे नक्की. पण पिनकोड नाही म्हणून ते जुनंच असं म्हणू नका. कित्येक प्रकाशकांनी जुना पत्ता पुढे बरीच वर्षं तसाच छापला.

साल शकात असेल तर ७८ मिळवा. शके १८८० म्हणजे १९५८, वर्षअखेरच्या पौष-फाल्गुनाकडे असेल तर १९५९.

आपल्या भागात आणखी एक पुरावा फुकटात मिळतो, तो म्हणजे वाचनालयाचा शिक्का. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं. ‘म्हैसूर राज्य’ असा शिक्का असलेलं पुस्तक साधारण १९५६ ते १९७३ या काळात वाचनालयात होतं, हे त्यावरून कळतं. छापलं कधी, हे मात्र शिक्का सांगत नाही. शिक्का खोडायचा किंवा ब्लीचने काढायचा प्रयत्न करू नका, तिथला रंगही जातो. आणि शिक्क्यावर ‘रद्द’ची खूण नसेल तर विकणाऱ्याला विचारा की पुस्तक वाचनालयातून बाहेर कसं आलं. उत्तर पटलं नाही तर सोडून द्या.

सहीशिवाय चित्रकार ठरवणं

दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. दोघांची चित्रं पुढेही छापली गेली, त्यामुळे १९८२ च्या आवृत्तीवर मुळगावकरांची सही असली तर ते चित्र जुनंच, फक्त पुन्हा वापरलेलं. पण मोठा घोळ होतो तो सही नसलेल्या कव्हरांवर. गुळगुळीत रंगातली सुंदर बाई दिसली की विकणारा बेधडक मुळगावकरांचं नाव घेतो. त्यांच्या धाटणीची नक्कल करणारे तेव्हा पुष्कळ होते. सही किंवा आतला ‘मुखपृष्ठ :’ असा उल्लेख, दोन्ही नसेल तर वहीत ‘चित्रकार अज्ञात’ लिहा आणि किंमतही तेवढीच द्या.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर आहेत, म्हणून नावावरून दुर्मीळ काय ते ठरत नाही. ही पुस्तकं हातोहात फिरून फाटली, त्यामुळे मूळ पिनांसह, न कापलेल्या कव्हराची प्रत मिळणं अवघड. साध्या कथेची तशी प्रत गाजलेल्या कथेच्या डागाळलेल्या प्रतीपेक्षा कधीही चांगली.

कन्नड आणि इंग्रजी पुस्तकं अंदाजाने घेणं

कन्नड येत नाही म्हणून चांगली कव्हरं सोडून देणारे बरेच आहेत. निदान कन्नडमधले दहा अंक शिका, कारण साल आणि किंमत बहुधा त्याच अंकांत असते. ‘मुद्रण’ हा शब्द तिथेही तोच, ‘प्रथम मुद्रण’ आणि ‘द्वितीय मुद्रण’ एवढं ओळखता आलं तरी काम भागतं. किमतीला ‘बेले’ म्हणतात.

इंग्रजीत नारंगी पट्ट्याचं पेंग्विन दिसलं की लोक हुरळून जातात. पेंग्विन १९३५ ला सुरू झालं, नारंगी रंग कथा-कादंबऱ्यांचा आणि हिरवा रहस्यकथांचा. नारंगी प्रती लाखोंनी छापल्या गेल्या आहेत. आतल्या पानावर पुनर्मुद्रणांची सालं ओळीने दिलेली असतात, त्यातलं शेवटचं साल म्हणजे तुमच्या हातातल्या प्रतीचं. काही प्रकाशक सालाऐवजी १ ते १० आकड्यांची ओळ देतात, तिथे उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण ते.

फोटो बघून मागवणं

समोरच्या बाजूचा एकच फोटो बघून पैसे पाठवू नका. कणा, मलपृष्ठ, कव्हराची आतली बाजू आणि शेवटचं छापील पान, एवढे फोटो मागा. समोरचा लाल रंग ठसठशीत आणि कण्यावरचा लाल फिका असेल तर पुस्तक उन्हात उभं होतं. लाल-पिवळा आधी उडतो, निळा-काळा टिकतो. पानं फर्म्याने (एकाच कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्याने) येतात, बहुधा १६ च्या पटीत: ९६, ११२, १२८. शेवटचा आकडा त्यात बसत नसेल तर नेमकं काय गेलंय ते विचारा. रहस्यकथेत जायचं असतं ते शेवटचंच पान!

डागडुजीची घाई

सेलोटेप लावूच नका. वर्षादोनवर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग टेप निघतो आणि डाग राहतो. फेव्हिकॉलही नको, वाळला की पुन्हा सुटत नाही. लॅमिनेशन केलेलं कव्हर तर संग्रहातून बाद झालं असंच समजा.

फाटलेल्या कव्हराला मैद्याची खळ लागते. एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत शिजवा, गार करून गाळा. बाइंडर किडीसाठी त्यात मोरचूद टाकतात, तुम्ही टाकू नका, त्यातल्या तांब्याने कागद कालांतराने तपकिरी पडून ठिसूळ होतो. जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या पातळ कागदाची) पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात. ती कव्हराच्या आतल्या बाजूने लावा. आधी ओल्या कापसाचं टोक कोपऱ्यात टेकवून बघा, रंग सुटला तर तिथेच थांबा. लावल्यावर वर-खाली बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

गंजलेली पीन ओढायची नाही. आतले पाय पातळ सुरीने सरळ करा, मग बाहेरून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा.

पावसाळा आणि कीड

अथणी-रायबागकडची पुस्तकं कोरडी आणि कडक असतात, काटकोनापेक्षा जास्त उघडली की कणा तडकतो. खानापूर-कणकुंबीकडची उलट, वास घेऊनच घ्यावीत. कुबट वास म्हणजे बुरशी, डाग दिसत नसले तरी. असं पुस्तक उन्हात टाकलं की कव्हर वळतं आणि रंगही उडतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभं करून वाळवा आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटका. नाकावर मास्क हवा.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते. साधा आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. लोखंडी कपाट पावसाळाभर गच्च बंद ठेवणं चूक, आत अडकलेला दमट वारा रात्री गार पत्र्यावर पाणी धरतो. कोरड्या दिवशी दार उघडं ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि आत सिलिका जेल घाला. पीव्हीसीची प्लास्टिक कव्हरं उकाड्यात चिकटतात आणि काढताना शाई घेऊन येतात. पॉलिप्रोपिलीनची घ्या, वरचं तोंड उघडं ठेवा.

डांबरगोळ्यांनी कसर आणि भुंग्याची अंडी मरत नाहीत, पुस्तकाला वास तेवढा लागतो. कीड लागलेलं पुस्तक झिपच्या पिशवीत घालून हवा काढा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. आधी उघडली तर गार कव्हरावर दव धरतं आणि चकचकीत कागदाची पानं एकमेकांना कायमची चिकटतात.