वरच्या मजल्यावर पाणी बारीक येतंय? पंप आणण्याआधी या चुका टाळा

वरच्या बाथरूममध्ये धार बारीक झाली की लोक थेट दुकान गाठतात आणि प्रेशर पंप घेऊन येतात. मला पंप बसवायला बोलावलं तरी मी आधी गच्चीवर टाकी बघायला जातो. ‘पंप लावून सोडा की ओ, कशाला एवढं बघताय?’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. पाणी कुठं अडतंय ते न बघता पंप लावणं मला पटत नाही.

सगळ्यात मोठी चूक उंचीची. दाब येतो तो टाकी किती उंचावर आहे त्यावर, किती लिटरची आहे त्यावर नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे दाबाचं माप). टाकी स्लॅबवरच टेकलेली असेल तर खालच्या मजल्याला चांगली उंची मिळते, पण वरच्या शॉवरला मिळतात जेमतेम तीन-चार फूट, म्हणजे ०.१ बारच्या आसपास.

अनगोळमधल्या एका घरी हेच झालं होतं. आपल्या बेळगावच्या पावसात गच्चीवर पत्रा हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पत्र्याखाली मावावी म्हणून टाकी लोखंडी स्टँडवरून उतरवून स्लॅबवर ठेवली होती. पुढं शॉवर बदलला, गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ बदलला, शेवटी पंप आणला. तो पंप सुरूच होईना! नळ उघडल्यावर थोडं तरी पाणी वाहिलं तरच त्याचा फ्लो स्विच लागतो, आणि तिथं धारच नव्हती. मी टाकीच्या व्हॉल्व्हपुढचा पाइप सोडवला, तर तिथंच पाणी करंगळीएवढं. जुना गेट व्हॉल्व्ह. चाक फिरत होतं, आतली पट्टी मात्र अर्ध्यावर अडकलेली. तो काढून फुल बोअरचा, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच असलेला, बॉल व्हॉल्व्ह घातला, टाकी पुन्हा स्टँडवर चढवली, पत्रा तेवढ्या जागेपुरता कापून घेतला. पंप खोक्यात घालून परत पाठवला.

स्टँड करताना एक जपा. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. पाय बीम-कॉलमवर येऊ देत, स्लॅबच्या मधोमध नकोत.

दुसरी चूक सोलरवाल्या घरांत. गरम पाणी थांबून थांबून, गुळगुळ आवाज करत येतं आणि दोष नळाला दिला जातो. सोलरच्या टाकीवरचा उभा एअर व्हेंट, म्हणजे हवेचा पाइप बघा. त्यातून थेंब पडतात म्हणून कुणीतरी टोपी लावून बुजवलेला असतो. हवा आत शिरायला वाट नाही, तर पाणी खाली कसं उतरणार? शिवाय व्हेंट बंद राहिला तर आतली टाकी चेपू शकते. टोपी काढा आणि व्हेंटचं तोंड थंड पाण्याच्या टाकीपेक्षा वर न्या, म्हणजे थेंबही थांबतील.

टाकीपासून अर्ध्या इंची लाइन ओढून चार पैसे वाचवणारे खूप भेटतात. अर्धा इंच आणि एक इंच यांत वाटेचा फरक चौपट. मी वरच्या बाथरूमपर्यंत सव्वा इंचीच नेतो, फक्त नळाशी अर्धा इंच करतो. कोपरेही कमीत कमी ठेवतो.

एकाच नळाला धार कमी असेल तर आधी त्याची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घाला. बोअरच्या पाण्याचा क्षार तिथंच बसतो.

नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका. ते बेकायदा आहे, शेजाऱ्याचं पाणी जातं, आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आपल्याच घरात ओढलं जातं.

एवढं सगळं करूनही पावसासारखा मोठा शॉवर हवाच असेल तर खुशाल पंप लावा, पण सोलरची साधी टाकी त्या लाइनीवर ठेवू नका. ती दाब सोसणारी नसते.