कमांड लाइनवरून नेटवर्क स्विच कसा सेट करावा

कोऱ्या मॅनेज्ड स्विचला (ज्याची सेटिंग बदलता येते अशा स्विचला) पहिल्यांदा हात घालायचा तो कन्सोल केबलने. एक टोक ‘कन्सोल’ लिहिलेल्या पोर्टमध्ये, दुसरं लॅपटॉपच्या यूएसबीत. लॅपटॉपवरच्या पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये ‘सीरियल’ निवडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम पोर्ट द्या. वेग ९६००, डेटा बिट ८, स्टॉप बिट १, पॅरिटी आणि फ्लो कंट्रोल नाही. स्क्रीनवर भलतीच चिन्हं उमटली तर बहुधा वेग चुकलाय. काहीच आलं नाही तर आधी एंटर दाबा, मग कॉम पोर्ट तपासा.

पुढच्या कमांड सिस्को आयओएसच्या, म्हणजे सिस्कोच्या स्विचमधल्या सॉफ्टवेअरच्या आहेत. इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप इंग्रजीतच करायच्या.

स्विचच्या नावापुढे > असेल तोवर फारसं काही बदलता येत नाही. ‘एनेबल’ दिलं की # येतं, आणि ‘कॉन्फिगर टर्मिनल’नंतर खरं काम सुरू होतं. कमांड बरोबर पण जागा चुकीची, हा नवशिक्यांचा नेहमीचा घोळ. म्हणून एंटरआधी प्रॉम्प्ट (ओळीच्या सुरुवातीचं नाव आणि चिन्ह) वाचा. अडलात तर प्रश्नचिन्ह टाका, पुढचे पर्याय दिसतात.

आता ‘व्हीलॅन १०’ तयार करा. व्हीलॅन म्हणजे स्विचच्या आत केलेलं वेगळं आभासी नेटवर्क. मग ‘इंटरफेस रेंज’ने हवे ते पोर्ट निवडून ‘स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन १०’ द्या.

स्विचला पत्ता द्यायला ‘इंटरफेस व्हीलॅन १०’मध्ये जा: ‘आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.२ २५५.२५५.२५५.०’, मग ‘नो शटडाउन’. तरीही हा इंटरफेस डाउनच दिसतोय? त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नसेल. एका पोर्टला लॅपटॉप जोडून बघा. स्विच राउटिंग करत नसेल तर बाहेर पडून ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१०.१’ही द्या, नाहीतर दुसऱ्या सबनेटमधून (नेटवर्कच्या दुसऱ्या भागातून) स्विच गाठता येणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती ट्रंकची, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीची कमांड. चालू ट्रंकवर व्हीलॅन २० वाढवायचा म्हणून ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०’ दिलंत, की आधीची सगळी यादी पुसली जाऊन एकटा २० उरतो. ‘व्हीलॅन’नंतर ‘अ‍ॅड’ हवंच. त्याच ट्रंकवरून एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत आला असाल तर स्वतःचीच फांदी तोडलीत. दुरून असं काम करताना जुनं कॉन्फिगरेशन आधी सेव्ह करा आणि # वर ‘रीलोड इन १०’ द्या. संपर्क तुटला तर १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या स्थितीत परततो. काम जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नका. भर कामाच्या वेळी स्विच बसला तर शिव्या तुम्हालाच.

‘शो व्हीलॅन ब्रीफ’ आणि ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ने खातरजमा करा. आतापर्यंतचे बहुतेक बदल फक्त रॅममध्ये आहेत, वीज गेली की गेले. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्या, आणि फाइलचं नाव विचारलं की काहीही न लिहिता एंटर दाबा.