दुधाच्या पिशवीवर मळायचं एम-सील

आमच्या रत्नागिरीत लोखंडी पाईप फार वर्षं टिकत नाही. हवा खारी, पाऊस चार महिने, आणि जांभ्याच्या भिंतीला कायम ओल. गच्चीवरच्या टाकीतून न्हाणीघरात येणारा आमचा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पाईप दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एल्बोच्या, म्हणजे पाईप वळवणाऱ्या तुकड्याच्या, जोडाला गळायला लागला. मी एम-सीलची, म्हणजे मळून लावायच्या आणि मग घट्ट होणाऱ्या लुगदीची, पुडी आणली, दोन्ही गोळ्या घाईघाईने एकत्र केल्या आणि ओल्या पाईपवर थापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळा आख्खा खालच्या बादलीत पडलेला. माझा एक जुना विद्यार्थी आता प्लंबिंगची कामं करतो. त्याने तो उचलून उलटा केला. आतल्या बाजूला तांबूस गंजाचा सबंध पापुद्रा चिकटलेला होता.

"बाई, हे पाईपला लागलंच नाही बघा. गंजाला लागलं, आणि गंज सुटून आला."

मी सव्वीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला, पण या कामातली मुख्य गोष्ट मला त्या तुकड्याने शिकवली. एम-सील सगळ्यात वरच्या थराला चिकटतं. तो थर गंजाचा असेल तर गंजाला, तेलाचा असेल तर तेलाला, पोपडे आलेल्या रंगाचा असेल तर त्या रंगाला. म्हणून मी पुडी फोडायच्या आधी सगळी मेहनत त्या जागेवर करते.

पाईपचंच पुढे सांगते. टाकीचा वॉल्व्ह बंद केला, खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी पूर्ण जाऊ दिलं. ही पायरी गाळू नका. टाकी नळापेक्षा सहा मीटर उंच असेल तर जोडावर दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त दाब असतो, आणि ओली लुगदी त्या दाबापुढे टिकत नाही. पाणी आतून एक बारीक वाट काढतं आणि त्या वाटेभोवतीच सगळं घट्ट होतं. मग जुन्या पटाशीने गंज खरवडला, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने पाईप चमकेपर्यंत घासला. गळतीच्या जागेपुरता नाही, दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसला, दुसऱ्या कोरड्या फडक्याने परत पुसला, आणि केस वाळवायच्या ड्रायरने दहा मिनिटं वाळवला. थिनरचा वास पूर्ण गेल्यावरच ड्रायर सुरू करा, कारण थिनर पेट घेतो. हात लावून पाईप किंचित कोमट लागला, तेव्हा पुडी फोडली.

मळायचं कसं, ते आता. पुडीत कांडीच्या आकाराच्या दोन गोळ्या असतात, एक फिकट आणि एक काळपट. एक रेझिन, म्हणजे मूळ चिकट पदार्थ, दुसरं त्याला घट्ट करणारं हार्डनर. नुसती ठेवली तर दोन्ही मऊच राहतात. एकत्र आल्यावर त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि दगडासारखा एकजीव पदार्थ तयार होतो. हा पदार्थ वाळत नाही, घडतो. म्हणून कमी-जास्त प्रमाण चालत नाही. "हार्डनर जरा जास्त घातलं की लवकर घट्ट होईल," असं पुष्कळ जण मानतात. तसं होत नाही. जास्तीचं हार्डनर जोडीदाराविना तसंच आत अडकून राहतं आणि तो भाग कायम चिवट, कमकुवत राहतो. सगळं नको असेल तर दोन्ही कांड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे कापा, आणि दोन वेगळ्या सुऱ्यांनी कापा. एकच सुरी वापरली तर पुढच्या वेळी उरलेल्या कांडीच्या टोकाला कडक खपली आलेली असते.

मळायला मी दुधाची पिशवी वापरते. कापून उघडायची, साबणाने धुवायची, वाळवायची. पॉलिथिनला एम-सील चिकटत नाही, त्यामुळे पोळपाट, ओटा, टेबल काहीच खराब होत नाही. दोन पिशव्यांच्या मध्ये गोळा ठेवून लाटण्याने लाटला की पातळ, एकसारखी पट्टी मिळते. पाईपला गुंडाळायला ती फारच सोयीची.

हातमोजे घाला. हे मी कळकळीने सांगते, कारण शाळेत मी वर्षानुवर्षं उघड्या हातांनी मळलं आणि एका उन्हाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज आणि पुरळ सुरू झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हार्डनरमधल्या अमाइन जातीच्या रसायनांची आणि कच्च्या रेझिनची ॲलर्जी अशी हळूहळू येते, आणि एकदा आली की थोडासा स्पर्शही पुरतो. आता मी नायट्राइलचे मोजे घालूनच बसते. हाताला लागलंच तर साबण आणि पाणी; थिनरने हात पुसू नका, थिनर त्वचेचं तेल काढून टाकतो आणि रसायन आत जायला मोकळीक मिळते.

कणीक तिंबतो तसं तिंबायचं: दाबायचं, दुमडायचं, पिळायचं, परत दाबायचं. सुरुवातीला संगमरवरासारख्या रेघा दिसतात. मग रेघा बारीक होतात. रंग एकसारखा राखाडी झाला असं वाटलं की गोळा मधोमध तोडून बघा. आत जवळजवळ नेहमीच एखादी फिकट रेघ लपलेली असते. ती दिसेनाशी होईपर्यंत मळा, मला यात चार-पाच मिनिटं जातात. तोवर गोळा हाताला किंचित कोमट लागायला लागतो. वर्गात मुलं विचारायची, "बाई, हे गरम का होतंय?" मी सांगायचे की दोघं जोडले जाताना ऊर्जा बाहेर पडते. त्याच ओघात पिएर कास्तान या स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञाचंही सांगायचे. 1930 च्या दशकात ते दातांच्या कवळ्यांसाठी पदार्थ शोधत होते आणि त्यातून इपॉक्सी, म्हणजे एम-सीलमधलं रेझिन ज्या जातीचं आहे ते, हाती आलं. कवळीपेक्षा चिकटवण्यासाठीच ते जास्त वापरलं गेलं. आजोबांच्या कवळीशी एम-सीलचं नातं आहे हे ऐकून मुलं खूष व्हायची.

उष्णतेमुळे एक काळजी घ्यावी लागते. मोठा गोळा एकदम कालवू नका. मधली उष्णता बाहेर पडत नाही आणि तो हातातच घट्ट व्हायला लागतो. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे नेहमीची पुडी वीस-पंचवीस मिनिटांत कामाबाहेर जाते, डिसेंबरात सकाळी त्याहून बराच वेळ मिळतो. प्रत्येक प्रकाराची वेळ वेगळी असते, ती पाकिटावर बघा. लिंबाएवढा गोळा करा, लावा, मग दुसरा करा.

पाईपवर लावताना पहिला पातळ थर अंगठ्याने जोर देऊन चोळायचा, वर नुसता ठेवायचा नाही. पॉलिश पेपरने पडलेल्या बारीक ओरखड्यांत तो शिरला पाहिजे, पकड तिथेच बसते. त्यावर लाटलेली पट्टी, एल्बोच्या दोन्ही अंगांना, अर्धा सेंटिमीटर जाड. कडा ओल्या बोटाने पाइपाकडे उतरत्या करा. उभी कड राहिली की तिथूनच ते उचकटतं. मग चोवीस तास वॉल्व्ह बंद. पाण्याची फारच अडचण असेल तर आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळून दिवस काढा, आणि हे काम वेळ मिळेल तेव्हा नीट करा. तो एल्बो अजून कोरडा आहे. तरी माझा विद्यार्थी म्हणतो तेच खरं, आतून कुजलेला पाईप एक दिवस बदलावाच लागणार; एम-सीलने आपल्याला तोवरचा वेळ मिळतो.

काही ठिकाणी मात्र हे वापरूच नका. गॅसची नळी किंवा रेग्युलेटर, तिथे नाही म्हणजे नाही; वितरकाचा माणूस बोलवा. आचेवर जाणारी भांडी, कुकरचं हँडल, गिझरचा गरम पाण्याचा जोड, इथेही नाही, कारण घरगुती एम-सील फार गरम झालं की मऊ पडतं. कपाच्या ओठाला किंवा ताटाच्या आतल्या बाजूलाही नको. नळ बंद करूनही ठिबकत असेल तर पुडी थापण्यापेक्षा वायसर बदला. आणि प्लास्टिकची बादली किंवा गच्चीवरची काळी टाकी! ज्या गुणामुळे दुधाची पिशवी उपयोगी पडते, त्याच गुणामुळे टाकीला हे टिकत नाही. ती पॉलिथिनचीच असते. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा बघा. 2, 4 किंवा 5 असेल तर पैसे वाया घालवू नका. 3 असेल तर ते पीव्हीसी, त्याला घासून लावलं तर चांगलं धरतं.

लाकडाला ते फार छान साथ देतं. आमच्या मागच्या दाराच्या चौकटीचा पाय पावसाच्या उडणाऱ्या पाण्याने कुजला होता. मऊ झालेलं सगळं लाकूड पटाशीने काढलं, टणक लाकूड लागेपर्यंत. आठवडाभर वाळू दिलं. मग त्या खड्ड्यात चार स्क्रू अर्धे आत, अर्धे बाहेर असे पिळले आणि त्यांच्याभोवती एम-सील भरलं. स्क्रू मुळांसारखे धरून ठेवतात. घट्ट झाल्यावर कानशीने चौकटीच्या रेषेत आणलं, वर ऑइलपेंट. रंगारी अशा जागी खडूची लांबी (पुट्टी) भरतात, पण सतत ओल असेल तिथे ती फुगते आणि गळून पडते.

बिजागरीचा स्क्रू भोकात नुसता गोल फिरत असेल तर भोकात एम-सील ठासा, स्क्रूला व्हॅसलीनचा हात लावा आणि हलकेच आत पिळून ठेवा. दुसऱ्या दिवशी स्क्रू सहज बाहेर येतो आणि आत त्याचे आटे तयार असतात.

आता माझ्या आवडीचा भाग. माझ्या नातीकडे सावंतवाडीची लाकडी फळं आहेत, तिच्या पणजीने चितारआळीतून आणलेली. त्यातल्या आंब्याचा देठ मोडला, हरवला. एवढ्याशा कामाला नेहमीचं राखाडी एम-सील नको, ते भरभर आवळतं. हस्तकलेच्या दुकानात शिल्पकाम करायचं दोन भागांचं मिश्रण मिळतं, त्याला जास्त वेळ मिळतो. देठाच्या जागी सुईने दोन मिलिमीटर खोल भोक पाडलं, तांब्याच्या तारेचा तुकडा त्यात बसवला, तारेभोवती गव्हाच्या दाण्याएवढं मिश्रण. दातकोरण्याने उभ्या रेघा ओढल्या. टोकाला जरा दाबून चपटं केलं, खुडलेला देठ दिसतो तसं. दुसऱ्या दिवशी तपकिरी रंग. नात आता कोणता आंबा मोडला होता ते ओळखू शकत नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी खंड्या केला, पांढऱ्या गळ्याचा, आमच्या विहिरीवर रोज येऊन बसतो तो. पूर्ण भरीव केला असता तर जड झाला असता, म्हणून आधी बांधकामाच्या तारेचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा घट्ट चुरगळलेला गाभा. चोचीची तार डोक्यातून आरपार नेऊन पाठीपर्यंत वळवली. नुसत्या मिश्रणाची लांब चोच पहिल्याच धक्क्याला तुटते. पहिला थर ओबडधोबड आणि पातळ, तो घट्ट होऊ दिला. त्याला पॉलिश पेपर मारून दुसरा थर, त्यात खरा आकार. चिकटत असेल तर बोटाला टाल्कम पावडर, गुळगुळीत करायचं असेल तर बोट पाण्यात बुडवून झटकून. पाणी जास्त झालं की वर बुळबुळीत साय येते आणि पुढचा थर तिच्यावरून सुटतो.

पिसं ओल्यात कोरू नका. मिश्रण साबणाच्या वडीइतकं आवळलं, नखाने खूण पडते पण बोट रुतत नाही, अशी एक वेळ येते. ती वेळ धरायची. आम्ही मोडक्या कंगव्याच्या एकाच दाताने पंखांवर रेघा ओढल्या, शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे वरचं पीस खालच्यावर चढल्यासारखं दिसतं. चुकलं तर ओलं बोट फिरवून परत. नातीने डोळ्याच्या जागी मोहरीचा दाणा दाबून खड्डा पाडला आणि दाणा काढून घेतला. तो खड्डाच नंतर काळ्या रंगाने डोळा झाला.

पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क हवा, मुलांना जवळ बसवू नये. ती धूळ फुप्फुसात जायला नको. आधी 120 नंबर, मग 220, शेवटी 400 पाण्यात भिजवून, म्हणजे धूळही उडत नाही. त्यावर प्रायमर, मग ॲक्रिलिक रंग. रंगाचा थर द्याच. उघड्या इपॉक्सीवर ऊन पडत राहिलं की ते पिवळं पडतं आणि वरून भुकटी सुटते.

गणपतीच्या दिवसांत शेजारून दरवर्षी कुणीतरी विचारायला येतं: घरी आणताना मूर्तीचं बोट दुखावलंय, एम-सीलने बसवू का? शाडूच्या मूर्तीला लावू नका. शाडू पाण्यात विरघळतो, हे विरघळत नाही. विसर्जनानंतर ते बोट तळाशी तसंच पडून राहील. मूर्तिशाळेतून मूठभर शाडू मागून आणा, पाण्यात कालवून दह्याइतका पातळ करा, दोन्ही तुटक्या कडा ओल्या करून बोट बसवा, सावलीत वाळवा आणि जोडावर जलरंगाचा हात द्या.