जुन्या विमानांच्या कॉकपिटांचा दोन दिवसांचा मेळावा कसा भरवावा

जुने विमान अख्खे सांभाळायचे म्हटले, तर हँगर लागतो, क्रेन लागते आणि पंख ठेवायला मोठे आवार लागते. म्हणून अनेक हौशी मंडळी विमानाचा फक्त पुढचा भाग, म्हणजे वैमानिक बसतो ते कॉकपिट, जतन करतात. ते एका ट्रॉलीवर मावते, घरामागच्या शेडमध्ये राहते आणि त्यातील डायल, लिव्हर, वायरिंग सवडीने एकेक करून दुरुस्त करता येते. इंग्लंडमधील नेवार्क एअर म्युझियमच्या आवारात अशी कॉकपिटे आणि ती जपणारी माणसे एकत्र आणणारा मेळावा भरत आला आहे. मराठवाड्यात ही हौस बाळगणारे मोजकेच आहेत. पण चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत फिटर, टर्नर, वायरमन, पेंटर अशी हातात कसब असलेली इतकी माणसे आहेत, की छत्रपती संभाजीनगर परिसरात असा मेळावा चांगला रुजेल, याबद्दल मला शंका नाही.

आखणीची सुरुवात मंडपापासून किंवा प्रमुख पाहुण्यांपासून करू नये. ती बसणाऱ्यांच्या संख्येपासून करावी. कॉकपिट लांबून पाहून फारसे हाती लागत नाही. आत बसल्यावर डावा हात आपोआप थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर जातो, उजव्या हाताशी विमान वळवणारी स्टिक येते, पाय पेडलांवर टेकतात आणि समोरचे पॅनेल असेच का मांडले आहे, ते हळूहळू उमगू लागते. मात्र एका जागेवर एका वेळी एकच माणूस बसतो. चढणे, बसणे, माहिती ऐकणे आणि उतरणे यांना मिळून ४ मिनिटे धरली आणि दर तासाला १२ मिनिटे तपासणीसाठी राखली, तर तासाला १२ माणसे होतात. दिवसाचे ६ तास धरले, तर एका कॉकपिटामागे ७२. चार कॉकपिटे येणार असतील, तर २८८ होतात; थोडी सवड ठेवून त्या दिवशी २८० चिठ्ठ्याच वाटाव्यात, प्रत्येक चिठ्ठीवर वेळ लिहावी आणि चिठ्ठ्या संपल्याचे फाटकावरच सांगावे. आमच्या पहिल्या खेपेला हा हिशेब मांडलेला नव्हता. कॉकपिटे दोनच होती आणि रविवारी साडेदहाच्या सुमारास शाळांच्या चार बस फाटकाशी उभ्या राहिल्या. परभणीहून पहाटे निघालेली मुले नाकावरच्या रिव्हेटांवरून हात फिरवून परत गेली, ते मला अजून बोचते.

तारीख ठरवताना हवामान आणि पंचांग दोन्ही पाहावीत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद कॅनोपीखाली, म्हणजे कॉकपिटावरच्या पारदर्शक झाकणाखाली, त्याहूनही अधिक तापते. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॉलीची चाके रुततात. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने. त्यातही तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा मंगल कार्यालय मिळणे कठीण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडची माणसे वेळ अमावास्येसाठी आपापल्या शेतात असतात. त्या दिवशी त्यांना बोलावण्यात अर्थ नाही. ती अमावास्या होऊन पौष लागला, की लग्ने थांबतात, कार्यालये रिकामी होतात, भाडे उतरते आणि ज्वारीच्या शेतात हुरडा तयार होऊ लागतो. संक्रांत टाळून पौषातला एखादा शनिवार-रविवार धरावा.

जागा म्हणून मंगल कार्यालय मला महाविद्यालयाच्या मैदानापेक्षा सोयीचे वाटते, कारण तिथे फरशीचे किंवा काँक्रीटचे आवार, राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि जनरेटर एका ठिकाणी मिळतात. मात्र भाडे ठरवण्यापूर्वी टेप घेऊन जावे आणि फाटकाची रुंदी, कमानीची उंची आणि वळणाची जागा स्वतः मोजावी. कार्यालयाचा मालक ‘ट्रक आरामात येतो’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मंडपाच्या सामानाचा ट्रक असतो. ट्रॉलीवर चढवलेले आणि वर कॅनोपीचा फुगवटा असलेले कॉकपिट त्याने कधी पाहिलेले नसते.

कॉकपिट हलवताना पट्टे पत्र्यावर आवळू नयेत. बाहेरचा पत्रा पातळ असतो. भार आतल्या फ्रेमवर यायला हवा, म्हणून फ्रेमच्या रेषेखाली लाकडी ठोकळे, त्यावर जुन्या टायरट्यूबची पट्टी आणि मग पट्टा, असा क्रम ठेवावा. हायड्रा क्रेनने उचलायचे असल्यास फ्रेम कुठे आहेत ते खडूने बाहेरून आखून चालकाला दाखवावे. नाशिकहून किंवा जालन्याहून समृद्धी महामार्गाने यायचे असेल, तर तिथे ट्रॅक्टरला बंदी आहे हे लक्षात घेऊन पिकअप किंवा सपाट ट्रक ठरवावा.

आता सुरक्षेबद्दल, आणि या बाबतीत कोणाचीही भीड बाळगू नये. इजेक्शन सीट म्हणजे बारुदाच्या जोरावर माणसाला विमानाबाहेर फेकणारे यंत्र आहे. तिच्या लाल फितीच्या पिना लावलेल्या आहेत एवढ्याने ती निकामी ठरत नाही. सर्व काडतुसे आणि रॉकेट काढल्याचा लेखी दाखला मालकाने द्यावा, तसेच कॉकपिट ट्रकवरून उतरवण्यापूर्वी काडतुसांच्या रिकाम्या जागा संयोजकांना उघडून दाखवाव्यात. दाखला नसेल तर कितीही दुर्मीळ सीट असली, तरी ती फाटकाच्या आत घेऊ नये. कॅनोपी उडवून देणारी किंवा फोडणारी स्फोटक व्यवस्था, ऑक्सिजनच्या बाटल्या आणि जुन्या अग्निशामक बाटल्या यांनाही हाच नियम लावावा.

दुसरा धोका शांत असतो. १९६० च्या आसपासपर्यंतच्या आणि त्यापूर्वीच्या बऱ्याच डायलांवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. आज ते आकडे तपकिरी, भाजल्यासारखे दिसतात आणि चमकत नाहीत. पण चमक गेली ती रंगातले झिंक सल्फाइड झिजल्यामुळे. रेडियम-२२६ निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. अशा डायलाची काच उघडू नये, आकडे खरवडू नयेत आणि काच फुटलेला डायल बंद डब्यात ठेवून मेळाव्यातून बाजूला करावा. निदान एक गायगर काउंटर शनिवारी सकाळी आवारात असावा आणि प्रत्येक पॅनेल त्याने तपासून त्यावर चिठ्ठी लावावी.

बसणाऱ्यांसाठी कठडा असलेली पक्की शिडी हवी. पेंटरच्या घोड्यावरून लोकांना चढवू नये. चढण्यापूर्वी पट्टा, किल्ल्या, घड्याळ, बांगड्या आणि बूट उतरवून घ्यावेत, ओढणी खोचून घ्यायला सांगावे. उघड्या कॅनोपीला तिच्या स्वतःच्या आधाराशिवाय लाकडाचा दुसरा टेकू द्यावा आणि तिला धरून कोणी उतरणार नाही याकडे एका स्वयंसेवकाने सतत लक्ष ठेवावे. कॅनोपीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याची खोड आपल्याला घरच्या गाडीमुळे लागलेली असते; ती इथे घातक ठरते, कारण आपल्या मातीचे कण पर्स्पेक्सवर, म्हणजे कॅनोपीच्या काचेसारख्या प्लास्टिकवर, सूक्ष्म ओरखडे पाडतात. आधी भरपूर स्वच्छ पाणी सोडावे, ओल्या हाताने कण जाणवतात का ते पाहावे आणि मगच सौम्य साबणाने सुती कापड फिरवावे. पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर लावल्यास पर्स्पेक्समध्ये बारीक तडे जातात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

विजेचे काम एकाच जाणत्या वायरमनच्या हाती द्यावे. बहुतेक जुन्या जेट विमानांतील दिवे आणि रिले २८ व्होल्ट डीसीवर चालतात; ट्रकच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून, मधे फ्यूज घालून, ते सुरक्षितपणे उजळवता येतात. जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चक्रावर चालणाऱ्या अनेक यंत्रांना मात्र ११५ व्होल्ट, ४०० सायकलचा एसी पुरवठा लागतो, आणि त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर हवा. घरातील २३० व्होल्ट, ५० सायकलची वीज त्यांना कधीही जोडू नये. योग्य पुरवठा मिळाला की जायरोची बारीक शीळ हळूहळू चढत जाते आणि आडवातिडवा पडलेला, विमानाचा कल दाखवणाऱ्या कृत्रिम क्षितिजाचा पट्टा थरथरत सरळ होतो. तो क्षण भोवती उभ्या असलेल्या सर्वांना दिसेल अशी वेळ ठरवून हा प्रयोग करावा.

वीज न वापरता करता येणारे दोन प्रयोग मला सर्वांत मोलाचे वाटतात. पॅनेलमधून काढलेला एक चालू अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारा डायल, टेबलावर ठेवावा आणि त्याच्या छोट्या खिडकीतला दाब १०१३ मिलिबारवर आणावा. रशियन डायल असेल तर ७६० मिलिमीटरवर. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच असल्याने काटा त्याच सुमाराला, म्हणजे १९०० फुटांच्या आसपास, थांबतो, आणि आपण टेबलाशी बसूनही किती उंचावर आहोत हे मुलांना चटकन पटते. नांदेडला हाच काटा साधारण ३८० मीटर दाखवील. मग मागच्या, बाहेरच्या हवेचा दाब आत पोचवणाऱ्या स्टॅटिक नळीला ६० मिलिलिटरची सिरिंज जोडून दट्ट्या अगदी सावकाश ओढावा. आतली हवा विरळ होते, बंद डबी फुगते आणि काटा हजार-दोन हजार फूट चढतो. दट्ट्या सोडतानाही घाई करू नये.

वेगमापकासाठी पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरावे आणि नळीचे एक टोक समोरून येणाऱ्या हवेचा दाब पोचवणाऱ्या पिटो नळीला जोडावे. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साडेसोळा सेंटिमीटरचा फरक पडला, की काटा १०० नॉटवर (ताशी सागरी मैल) येतो. तो २०० वर न्यायचा, तर फरक दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे ६६ सेंटिमीटर करावा लागतो. वेगाच्या वर्गाचा नियम नववीच्या मुलांना इतका स्पष्ट दाखवणारे दुसरे साधन माझ्या माहितीत नाही. नळीत तोंडाने मात्र कोणालाही फुंकू देऊ नये, कारण फुंकेचा दाब सहज मर्यादेबाहेर जातो आणि तोंडातला ओलावा आत शिरतो.

शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची फाटक उघडण्यापूर्वीची सकाळ दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच राखून ठेवावी. एरवी ही माणसे आपापल्या शेडमध्ये एकटीच काम करतात, आणि त्यांना गर्दीत उभे करून माहिती सांगायला लावले, तर मेळाव्याचा त्यांना स्वतःला काहीच लाभ होत नाही. एक पॅनेल उघडून त्याभोवती सर्वांनी बसावे. उघडण्यापूर्वी छायाचित्र, प्रत्येक वायरीला क्रमांक, प्रत्येक स्क्रूला चिठ्ठी लावलेली पुडी, ही शिस्त नवख्यांना तिथेच पाहायला मिळते. रंगाचा प्रश्न हमखास निघतो. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या कॉकपिटातला तो निळसर हिरवा रंग जुळवायचा असेल, तर नमुना उघड्या भागावरून घेऊ नये. उन्हाने तो फिकट झालेला असतो. एखादी डायल काढून तिच्या कड्याखाली झाकलेला रंग पाहावा, तोच मूळचा. याच विमानाच्या पॅनेलवर मधोमध एक पांढरी उभी रेघ असते, आणि विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले की स्टिक त्या रेघेच्या दिशेने मध्यावर आणायची असते. नवा रंग देताना ही रेघ अनवधानाने पुसली गेली, तर त्या कॉकपिटाची महत्त्वाची खूण नाहीशी होते.

सुटे भाग देण्याघेण्याच्या टेबलावर प्रत्येक वस्तूला विमानाचा प्रकार आणि ती कुठून मिळाली याची चिठ्ठी असावी, आणि लिलावाची किंवा भंगार खरेदीची पावती दाखवल्याशिवाय व्यवहार होऊ देऊ नये.

व्याख्यान एकच ठेवावे. नाशिकजवळच्या ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ चा. तिथे मिग-२१ च्या जोडणीत आयुष्य घालवलेले निवृत्त तंत्रज्ञ बोलायला मिळाले, तर त्यांच्याइतका अधिकारी वक्ता दुसरा नाही. हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी या विमानाला निरोप दिला, त्यामुळे त्यांच्या हातांची आठवण टिपून ठेवण्याची हीच वेळ आहे. दुसरा विषय हवा असल्यास एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घ्यावे: ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडालेले आणि डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेले हे विमान मराठी श्रोत्यांना अजून पुरेसे ठाऊक नाही.

जेवणाची चिंता फार करू नये. दुपारी भाकरी, पिठले, ठेचा आणि सायंकाळी गूळ व शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हुरडा एवढे पुरते. फक्त आगटी कॉकपिटांपासून आणि इंधनाच्या टाक्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी. रात्री दव पडते, म्हणून कॅनोपीवर आधी सुती चादर आणि मग ताडपत्री घालावी. पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि अग्निशमन दलाचा क्रमांक फाटकावर लावावा.

कार्यालय सोमवारी दुपारपर्यंत भाड्याने घ्यावे. रविवारी संध्याकाळी पिना, चिठ्ठ्या, सुटे भाग मोजून घ्यावेत, पट्टे आवळून ठेवावेत, पण गाडी हलवू नये. या दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम जोरात असतो आणि रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अचानक समोर येतात. सोमवारी ऊन वर आल्यावर, पट्ट्यांचा ताण पुन्हा एकदा तपासून, मगच पहिले कॉकपिट फाटकाबाहेर काढावे.