गहू, ज्येष्ठमध आणि लाल बोरांचा चिनी काढा

उगाच रडू येतं, सारख्या जांभया येतात, बाई अंगात आल्यासारखी वागते. चीनमधले वैद्य जांग जोंगजिंग यांनी हान राजवटीच्या अखेरीस, सुमारे 1800 वर्षांपूर्वी, ही लक्षणं नोंदवली आणि त्यांवर तीनच वस्तूंचा काढा सांगितला. गान माय दा झाओ थांग, म्हणजे ज्येष्ठमध, गहू आणि लाल बोरांचा काढा. तिन्ही गोड. गोड रसाने ताण सैलावतो, असं चिनी वैद्यक मानतं. मन हृदयात राहतं आणि गहू हे हृदयाचं धान्य, असंही. हा परंपरेचा अनुभव आहे, काटेकोर चाचण्यांचा भक्कम आधार त्याला अजून नाही.

चूल पेटवण्याआधी एक गोष्ट. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, दिवस गेले असतील, लघवी वाढवणारी किंवा डिगॉक्सिनसारखी हृदयाची औषधं चालू असतील, तर हा काढा नकोच. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सोसत नसेल त्यांनीही टाळावा. नैराश्याच्या गोळ्या याच्या भरवशावर बंद करू नका.

एका दिवसासाठी अख्खे गहू 30 ग्रॅम आणि सुकी लाल बोरं 10 घ्या. ज्येष्ठमध चिनी वैद्य 9 ग्रॅमपर्यंत देतात. घरच्या घरी मी 3 ग्रॅमच्या वर जाऊ देणार नाही. बोरांच्या पाकिटावर ‘रेड डेट्स’ लिहिलेलं असतं, म्हणून खजूर आणू नका. ती बोरंच, आपल्या बोरांची चुलतभावंडं, पण जात वेगळी.

गहू निवडून धुवा. बोरं फाडून बिया काढा. अख्खी टाकली तर गर पाण्यात नीट उतरत नाही. सगळं मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळी आली की आच मंद करा आणि अर्धं पाणी उरेपर्यंत आटवा. मूळ कृतीतही सहा मापं पाण्याची तीनच ठेवायची आहेत. आपल्या काढ्यासारखं चौथाईवर आणायचं नाही.

गाळून तीन वाटे करा आणि दिवसभरात कोमट प्या. साखर लागत नाही. उरलेली मऊ बोरं खाता येतात. पाचेक दिवसांपुढे न्यायचा असेल तर वैद्यांना विचारा. जगणंच नकोसं वाटत असेल तर काढ्याची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.