फंडेड तास देताना चाइल्डमाइंडरने फी कशी ठरवावी

सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला ३० फंडेड तास मिळतात, म्हणजे ज्यांचे पैसे पालकांऐवजी सरकार स्थानिक कौन्सिलमार्फत देतं. चाइल्डमाइंडरकडे, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्याकडे, पाच वर्षांखालच्या साधारण तीनच जागा असतात, आणि आता त्या तिन्ही फंडेड असू शकतात. म्हणजे वर्षाच्या बहुतेक तासांचा दर तुम्ही नाही, कौन्सिल ठरवते. अशा वेळी जुनी फी एक-दोन पौंडांनी वाढवून काम भागत नाही. हिशोब तासाचा न करता पूर्ण वर्षाचा करावा लागतो.

काय चालत नाही, हे आधी पक्कं करा. तुमचा दर ७ पौंड आणि कौन्सिलचा ६ असेल, तर मधला १ पौंड पालकांकडून घेता येत नाही. वीज, इन्शुरन्स, रंग, कागद, पुस्तकं यांच्या नावाखाली तो घेणं म्हणजे तेच. परत न मिळणारी नोंदणी फी लावता येत नाही. जागा राखायला डिपॉझिट घेऊ शकता, पण ते परत द्यायचं असतं. फंडेड जागा हवी असेल तर आणखी दहा तास विकत घ्याच, अशी अटही घालता येत नाही. नऊ ते बारा फंडेड, बारा ते एक पैसे भरून, पुन्हा एक ते चार फंडेड, अशी मुद्दाम पाडलेली फटही नियमात बसत नाही.

वर्षाचं गणित

कौन्सिलचे तीन दर असतात: दोन वर्षांखालच्यांचा, दोन वर्षांच्यांचा आणि तीन-चार वर्षांच्यांचा. सर्वात लहान मुलांचा दर सर्वात जास्त, तीन-चारचा सर्वात कमी. तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या.

३० तासांचा हक्क वर्षाला १,१४० तासांचा असतो (३८ आठवडे × ३०). ते फक्त शाळेच्या टर्ममध्ये द्यायचे की वर्षभर पसरून, यावर फीचं बरंच काही ठरतं.

समजा तुम्ही वर्षाला ४७ आठवडे उघडे असता. तीन वर्षांचं एक मूल आठवड्याला तीन दिवस, रोज नऊ तास येतं, म्हणजे २७ तास. वर्षाचे १,२६९ तास झाले. तुमचा दर ७ पौंड, कौन्सिलचा ६.

फक्त टर्ममध्ये दिलेत, तर ३८ आठवड्यांत १,०२६ तास फंडेड होतात. उरलेल्या नऊ आठवड्यांचे २४३ तास पालक भरतात, म्हणजे १,७०१ पौंड. आठवड्याला तीन तासांचा हक्क मात्र वाया जातो. वर्षभर पसरलेत तर १,१४० तास फंडेड, म्हणजे आठवड्याला जवळपास सव्वाचोवीस. पालकांना उरतात १२९ तास, ९०३ पौंड. बारा हप्ते केले तर महिन्याला ७५ पौंड २५ पेन्स.

पालकांचे ७९८ पौंड वाचले. तुमचं नुकसान? टर्मच्या पद्धतीत तुम्हाला एकूण ७,८५७ पौंड मिळतात, पसरवल्यावर ७,७४३. फरक फक्त ११४ पौंडांचा. शिवाय सुट्टीतल्या मोठ्या बिलाला घाबरून मूल निघून जाण्याची भीती कमी होते. म्हणून बहुतेकांनी पसरवलेलाच पर्याय द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकच काळजी घ्या: मूल वर्षाच्या मध्येच आलं किंवा गेलं तर घेतलेले तास आणि कौन्सिलने दिलेले तास जुळत नाहीत. प्रत्येक मुलाचे वापरलेले तास आठवड्याच्या आठवड्याला लिहून ठेवा.

आता तिन्ही जागा अशाच भरल्या आहेत असं धरा. फंडिंगमधून २०,५२० पौंड येतील. खर्च आणि तुमची कमाई मिळून वर्षाला २६,००० पौंड लागत असतील, तर ५,४८० पौंड कमी पडतात. विकायला उरलेले तास आहेत ३८७. ही तूट ताशी फीमधून भरायची तर दर १४ पौंडांच्या वर जाईल, आणि तो कोणी देणार नाही. ७ चा ८ केलात तर वर्षाला फक्त ३८७ पौंड वाढतात.

फी वाढवूनही हातात काही उरत नाही ते इथे. खरा फरक पडतो वयाच्या मिश्रणाने. तीनपैकी एक मूल दोन वर्षांखालचं असेल आणि त्याचा दर समजा १० पौंड असेल, तर त्याच १,१४० तासांवर ४,५६० पौंड जास्त येतात. मग तूट उरते ९२० पौंडांची. ३८७ तासांचे ७ पौंडांनी २,७०९ होतात, म्हणजे ती सहज भरते. दुसरा मार्ग शाळेच्या आधी आणि नंतर येणाऱ्या मुलांचा. आठ वर्षांखालची एकूण सहा मुलं ठेवता येतात, आणि शाळकरी मुलांची फी पूर्णपणे तुमच्या दराने असते.

दर मात्र सगळ्यांना एकच ठेवा. फंडेड मुलाच्या जादा तासाला ९ आणि बाकीच्यांना ७ लावलेत, तर तो छुपा टॉप-अपच, म्हणजे दरातला फरक पालकांकडून काढणंच, दिसतो.

जेवण, नॅपी, सहली

यांचे पैसे घेता येतात, पण ते पालकांच्या मर्जीवर असतात. घरचा डबा आणि घरच्या नॅपी आणायची मुभा हवीच. म्हणून ‘दिवसाला १० पौंड इतर खर्च’ अशी एकगठ्ठा ओळ लिहू नका. तक्रार झाली तर सगळ्यात आधी तीच सापडते. प्रत्येक गोष्टीची किंमत वेगळी लिहा: दुपारचं जेवण इतके, संध्याकाळचं खाणं इतके, नॅपी दिवसाला इतक्या, सहलीचं तिकीट इतके. किंमत खऱ्या खर्चावर आणि स्वयंपाकाला लागणाऱ्या वेळावर बेतलेली असावी.

इनव्हॉइसही तसंच सुटं हवं. महिन्याच्या बिलात फंडेड तास आणि त्यापुढे ० पौंड, मग जादा तास गुणिले दर, मग जेवण, मग नॅपीसारख्या वस्तू, मग सहली किंवा क्लास. प्रत्येकाची ओळ वेगळी. ‘एकूण फी वजा फंडिंग’ असं बिल देऊ नका. अशा वजाबाकीत दरातला फरक नकळत पालकांच्या माथी जातो.

तारखा

टर्म १ सप्टेंबर, १ जानेवारी आणि १ एप्रिलला सुरू होतात, आणि फंडिंग मुलाने वय गाठल्यानंतरच्या टर्मपासून मिळतं. पालकांचा ११ अंकी कोडही (३० तासांचा हक्क असल्याचा सरकारी पुरावा) टर्म सुरू होण्याआधी निघालेला हवा. तो २ सप्टेंबरला निघाला, तर ३० तास जानेवारीपर्यंत थांबतात. ‘कोड तपासून मान्य होईपर्यंत पूर्ण फी’ असं वाक्य करारात घाला. कोड दर तीन महिन्यांनी पालकांनीच पुन्हा पक्का करायचा असतो. मुदतीच्या दोन आठवडे आधी एक मेसेज टाकलात तर पुढची वादावादी टळते.

वय गाठल्यानंतरच्या टर्मचा हा नियम दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. १० ऑक्टोबरला तीन वर्षांचं होणारं मूल १ जानेवारीपासून कमी दराच्या गटात जातं. दर सप्टेंबरला तिन्ही मुलांच्या जन्मतारखा मांडून पुढच्या तीन टर्मचे दर लिहा, म्हणजे उत्पन्न कधी उतरणार ते आधीच कळेल.

तुम्ही बंद असताना न दिलेले तास दिल्याचे दाखवता येत नाहीत. इंग्लंडचे चार बँक हॉलिडे तर कायम सोमवारीच येतात, त्यामुळे सोमवारी येणाऱ्या मुलाचे तास मोजताना ते आधीच वगळा. एका दिवसात १० तासांपेक्षा जास्त फंडेड देता येत नाहीत, तसंच सकाळी ६ च्या आधी किंवा रात्री ८ नंतर नाहीत.

कौन्सिल पैसे दर महिन्याला देते की टर्मच्या हप्त्यांत, हे सही करण्यापूर्वी विचारा. हप्ते असतील तर पहिल्या टर्ममध्ये दीड-दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. जादा तास आणि जेवणाचे पैसे पालक टॅक्स-फ्री चाइल्डकेअरमधून देऊ शकतात. त्यात पालकांच्या ८ पौंडांवर सरकार २ पौंड घालतं, पण त्यासाठी तुमचीही नोंदणी लागते.

आणि आपल्याकडे हटकून येणारा प्रश्न: नातवंडं, भाचरं, पुतणे सांभाळायचे असतील तर? त्यांच्यासाठी चाइल्डमाइंडरला फंडिंग मिळत नाही, ती वेगळ्या घरात राहत असली तरीही. वर्षाच्या गणितात ती जागा फंडेड म्हणून धरू नका.