व्हिडिओ कॉलवर क्लूडो खेळायचा तर असा खेळा

विरार, डोंबिवली, पनवेल अशा तीन दिशांना पांगलेला ग्रुप प्रत्यक्ष भेटणार कधी, तर कुणाच्या तरी लग्नात. मधलं ठिकाण म्हणून दादर ठरतं आणि मग साडेनऊलाच "अरे ट्रेन पकडायची आहे" सुरू होतं. त्यापेक्षा शुक्रवारी जेवणं उरकून रात्री साडेदहाला कॉल लावा आणि खुनी शोधा, क्लूडो हा खुनी शोधायचा बोर्ड गेम यासाठी एकदम फिट्ट आहे. तसाही हा खेळ घरात अडकलेल्या लोकांचाच आहे म्हणा, बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटने दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउट वगैरे चालू असताना तो तयार केला, बोर्डाचं डिझाइन त्याच्या बायकोचं, १९४४ ला पेटंटसाठी अर्ज केला आणि दुकानात यायला १९४९ उजाडलं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी पटकन: ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या, एकूण २१ पत्ते. प्रत्येक गठ्ठ्यातला एक एक पत्ता न बघता पाकिटात, तोच खून, आणि तोच ओळखायचा. उरलेले १८ वाटायचे. आपल्या पाळीला "अमुकने, अमुक हत्याराने, अमुक खोलीत" असं विचारायचं, पुढच्या माणसाकडे त्यातलं काही असेल तर त्याने एकच पत्ता गुपचूप फक्त विचारणाऱ्याला दाखवायचा, नसेल तर "नाही" आणि पाळी त्याच्या पुढच्याकडे. कुणी दाखवला की तिथेच थांबायचं. शक्यता एकूण ३२४ (६ गुणिले ६ गुणिले ९), ऐकायला खूप वाटतात पण भराभर गळतात.

आता ऑनलाइनचं. क्लूडोचं अधिकृत ॲप आहे मोबाइलवर, त्यात मित्रांबरोबर खेळता येतं आणि चालतं व्यवस्थित, पण मला विचाराल तर अर्धी मजा जाते कारण सगळे मान खाली घालून स्क्रीनकडे बघत बसतात, कुणी कुणावर ओरडत नाही. मी तरी सांगेन की एकाच्या घरी खोका असेल (नसेल तर २१ चिठ्ठ्या, काही बिघडत नाही) तर तो माणूस सूत्रधार. नवा व्यापारमध्ये बँक सांभाळणारा असतो ना, तसा, फक्त हा स्वतः खेळत नाही. हे ऐकून सगळे आधी नाक मुरडतात की एक माणूस फुकट, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण या खेळात चीटिंगपेक्षा मोठा घोळ वेगळाच असतो, कुणीतरी अर्धवट झोपेत हातात पत्ता असताना "नाही" म्हणून टाकतो आणि मग बाकीच्यांचा पूर्ण हिशोब चुकतो, आणि हे कळतं कधी तर पाकीट उघडल्यावर. सूत्रधाराकडे कोणाला काय दिलं त्याची यादी असते त्यामुळे तो तिथल्या तिथे "परत बघ" म्हणू शकतो. सूत्रधार असेल तरच खेळा असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉल लॅपटॉपवर लावा म्हणजे फोन मोकळा राहतो. फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद पडतं, गुगल मीट तिघांपेक्षा कमी नसाल तर तासाभरात, म्हणून दुसरी लिंक आधीच तयार ठेवा नाहीतर ऐन रंगात सगळे बाहेर. पत्ते सूत्रधाराने प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर पर्सनल पाठवायचे, फोटो काढत बसू नका, नुसती नावं टाईप केली तरी पुरे. चौघं खेळत असाल तर दोघांना ५ आणि दोघांना ४ येतात. पत्ता दाखवणं पण पर्सनल चॅटवर, आणि त्या रात्रीपुरता ग्रुप म्यूट करून खाली ढकला, कारण घाईत "रिव्हॉल्वर" ग्रुपवर पडलं की डिलीट करेपर्यंत तिघांनी वाचलेलं असतं.

ज्या खोलीबद्दल विचारायचं तिथे मूळ खेळात फासे टाकून बोर्डवर पोचावं लागतं, पण अशी घरं मोजणं कॉलवर फार रटाळ होतं. आम्ही फासे काढूनच टाकले, कुठल्याही खोलीत जा, फक्त लागोपाठ दोनदा तीच खोली नाही. मूळ नियम नाहीये हा, पण खेळ तासाभरात आटोपतो.

आता मुद्द्याचं, वही. २१ ओळी, प्रत्येक खेळाडूचा एक रकाना. नवीन माणूस काय करतो, आपल्याला जे दाखवलं तेवढ्यावरच फुली मारतो आणि दुसऱ्याची पाळी असली की चहा आणायला जातो. तिथेच हरतो. दुसऱ्यांच्या पाळीतच खरा माल असतो.

उदाहरण घ्या. क्रम मी, संद्या, पिंट्या, वहिनी. संद्या विचारतो कर्नल मस्टर्ड, दोर, लायब्ररी. पिंट्या नाही म्हणतो, म्हणजे तिन्ही ओळींत पिंट्याला फुली. वहिनी काहीतरी दाखवते, मला दिसत नाही, म्हणून वहिनीच्या रकान्यात त्या तिन्हीसमोर बारीक १ लिहायचा, म्हणजे यातलं एक नक्की हिच्याकडे. आता लायब्ररी माझ्याच हातात आहे, लोखंडी पाइप पण. माझ्या पाळीला मी विचारतो मस्टर्ड, पाइप, लायब्ररी. आपलेच पत्ते विचारायला पूर्ण परवानगी आहे. तिघंही नाही म्हणाले. झालं, मस्टर्ड पाकिटात, आणि वहिनीकडे मस्टर्ड नाही, लायब्ररी माझी, म्हणजे तिने मघाशी दोरच दाखवला होता. एका प्रश्नात दोन कामं, आणि बाकीच्यांना कळत नाही की त्यातले दोन पत्ते माझेच होते. यावेळी कॅमेऱ्याकडे बघून हसू नका फक्त.

सरावल्यावर मूळ बंगला कंटाळवाणा होतो, नाहीतरी नऊ खोल्यांचं घर मुंबईत कोणी बघितलंय. आपली चाळ करा: गच्ची, जिना, गॅलरी, पाण्याची टाकी, मीटर रूम, वॉचमनची केबिन, गणपतीचा मंडप, सोसायटीचं ऑफिस, पार्किंग. हत्यारं म्हणून बत्ता, विळी, कुकर, बॅट, दोरी, पाना. नावं ठेवताना एकसारखी नकोत, रेंज गेली की सुमन आणि सुमती एकच ऐकू येतं. आणि शेजाऱ्यांची खरी नावं तर अजिबात नको, रात्री साडेअकराला "काकूंनीच कुकरने मारलं" हे भिंतीपलीकडे व्यवस्थित पोचतं.

शेवटचा आरोप प्रत्येकाला एकदाच. तो सूत्रधाराला पर्सनल पाठवायचा, तो पाकीट बघून फक्त बरोबर की चूक एवढंच सांगेल. चुकला तो बाद, पण कॉल सोडून झोपायला जायचं नाही, त्याच्याकडचे पत्ते विचारले तर दाखवावेच लागतात. पुढच्या डावाचा सूत्रधार त्यालाच करा, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत उगाच आरोप ठोकणारे जरा दमाने घेतात.